कापणीला कोण येतं ते आधी बघ

अगं,

तुझं संशोधनासाठी क्लातेनच्या बाजूला जायचं पक्कं झालं हे वाचून खरंच बरं वाटलं. इंडोनेशियात मध्य जावातला तो भाग म्हणजे भाताचं कोठारच, समोर मेरापी ज्वालामुखी, खाली पाटाचं पाणी, वर्षातून दोनदा काय कुठे कुठे तीनदा भात काढतात लोक. आणि घोळ तिथेच होतो, एवढं हिरवंगार बघितलं की वाटतं अख्खं गाव भातावर जगतंय. तुझ्या प्रपोजलमध्येही तू तेच धरून चाललीयस. जरा कागद-पेन घे.

पाव हेक्टर सावाह धर, म्हणजे पाण्याची भातखाचरं. कमी वाटेल, पण जावात अर्ध्या हेक्टरच्या आत जमीन असलेलेच शेतकरी जास्त. हेक्टरी साडेपाच-सहा टन ओलं भात आलं तर पाव हेक्टरात दीड टनाच्या आतबाहेर. सरकारी खरेदीचा दर जानेवारी २०२५ पासून किलोला ६,५०० रुपिया आहे, म्हणजे चार महिन्यांच्या पिकाचे झाले साधारण ९५ लाख रुपिया. ऐकायला लय भारी, पण १९० च्या आसपास रुपिया म्हणजे आपला एक रुपया, तेव्हा पन्नास हजार धर. त्यातून ट्रॅक्टर, लावणीच्या बायका, खत, औषध, कापणी सगळं वजा कर, निम्मे राहिले तर नशीब, आणि जमीन अर्धेलीची असेल तर (तिकडे मारो म्हणतात) अर्धं पीक आधीच मालकाच्या घरी. म्हणजे स्वतःची जमीन असली तरी महिन्याला १२ लाख रुपियासुद्धा नीट पडत नाहीत, आणि मध्य जावाचं किमान वेतन २०२५ ला महिन्याला २१ लाख ६९ हजार होतं. मग 'तरुण कारखान्यात का जातात' हा प्रश्न प्रश्नावलीत कशाला ठेवलायस तूच सांग.

मी तुझ्या जागी असते तर मालकाच्या उत्पन्नापासून सुरुवातच केली नसती, कापणीपासून केली असती. शेतात उतरायचा हक्क कुणाला होता आणि आता कुणाला आहे, एवढं जरी नीट लिहून आणलंस तरी खूप झालं.

पूर्वी भात पिकलं की बायका अनी-अनी घेऊन शेतात उतरायच्या, तळहातात मावणारं पातं असतं ते, एकेक लोंबी खुडायची. आलेल्याला मालकाने सहसा परत पाठवायचं नाही अशी रीत. कापलेल्यातला ठरलेला वाटा घरी न्यायचा, तो बावोन, कुठे सहावा, कुठे दहावा, नात्यातली-शेजारची असेल तर थोडा जास्त. ज्यांच्याकडे वीतभर जमीन नाही त्यांच्या घरात भात यायचं ते असं. मग हरितक्रांतीच्या बुटक्या जाती आल्या, त्या विळ्याने कापायच्या, म्हणजे तेवढ्याच शेताला माणसं कमी लागायला लागली, आणि सत्तरच्या दशकात बरेच मालक उभं पीकच व्यापाऱ्याला विकून मोकळे व्हायला लागले. हे तबासान. व्यापारी स्वतःची टोळी घेऊन येतो, त्याला गावातल्या कुणाला तोंड द्यायचं नसतं, आणि मालकालाही बरं, शेजारणीला नाही म्हणायची पाळी त्याच्यावर येत नाही. त्याच सुमाराला गावोगाव भाताच्या गिरण्या निघाल्या, मग मुसळाने कांडून मजुरीचा तांदूळ आणणाऱ्या बायकांचं तेही काम गेलं. १९८४ ला देश तांदळात स्वयंपूर्ण झाला, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांचं जगभर कौतुक झालं, आणि ते काम मोठं होतंच, मी नाही म्हणत नाही, पण कुणाच्या टोपलीतलं कमी झालं ते टनांच्या आकड्यात कुठून दिसणार. आता तर कम्बाइन हार्वेस्टर उतरतो, तो गेल्यावर सरवा वेचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांना पण फारसं काही उरत नाही.

म्हणून लगेच मालकांना शिव्या घालत बसू नकोस हं. हार्वेस्टर बोलावणारा सांगतो की कापायला माणसंच मिळत नाहीत, आणि तेही खोटं नाहीये, लावणीच्या रांगेत बघ, तरुण बाई क्वचित दिसेल. आता वाटा गेला म्हणून माणसं शहरात गेली, का माणसं गेली म्हणून मशीन आलं? माझा कल पहिल्याकडे आहे, पण एकाच गावात दोन गल्ल्यांमध्ये वेगळं उत्तर मिळू शकतं, आणि तुझा खरा विषय मला तरी हाच दिसतो.

बाकी घर चालतं ते बाहेरच्या पैशावर. एक पोरगा जकार्ताजवळच्या बेकासी नाहीतर करावांगच्या कारखान्यात, कुणाची सून हाँगकाँगला किंवा तैवानला घरकामाला, नातवंडं आजीकडे. चकचकीत टाइल्सचं घर दिसलं तर ते भातावर बांधलेलं असेल असं समजू नकोस, विचार.

खर्चात न्युम्बांगचा, म्हणजे तिकडच्या आहेराचा, वेगळा कॉलम कर, नाहीतर हिशोब जुळणारच नाही. लग्न असो, सुंता असो, पाकीट द्यायचं, बायकांनी वर तांदूळ-साखर न्यायची, घरवाले वहीत लिहून ठेवतात आणि तेवढं परत करावंच लागतं, आपला आहेरच पण जास्त कडक. जावानीज पंचांगातल्या बेसार महिन्यात लग्नांची झुंबड, सुरो महिन्यात जवळपास कुणीच करत नाही, त्यामुळे सर्व्हे कुठल्या महिन्यात केलास त्यावर एकाच घराचा खर्च दुप्पट दिसेल नाहीतर निम्मा. आरिसान म्हणजे सरळ भिशी, बायकांनी बोलावलं तर जरूर जा. कर्जाचं मात्र पहिल्या महिन्यात तोंडातून काढू नकोस, बँकेचं ६ टक्क्यांचं केयूआर (सरकारी सवलतीचं कर्ज) लोक आपणहून सांगतील, दारावर येणाऱ्या सावकाराचं इतक्यात नाही सांगणार.

आणि वजन विचारताना कशाचं ते आधी विचार. १०० किलो ओल्या भाताचा वाळवून भरडून शेवटी ५३ किलोच्या आसपास तांदूळ होतो, हे मिसळलंस तर सगळे तक्ते कचऱ्यात.

पोहोचल्यावर चोवीस तासांत पाक एरतेंना कळव, म्हणजे वस्तीचे प्रमुख, गल्लीच्या तोंडाशी तशी पाटीच असते. गावप्रमुख आग्रहाने स्वतःच्या घरी ठेवून घेतील, थोडे दिवस रहा, मग गोड बोलून दुसरीकडे खोली बघ. कारण असं की तिकडे गावच्या पदाधिकाऱ्यांना पगाराऐवजी जमीन कसायला मिळायची, बेंगकोक म्हणतात, बऱ्याच ठिकाणी अजून आहे, म्हणजे तुझा यजमानच तुझ्या मजूर बायकांचा मालक निघायचा आणि त्याच्या ओसरीवर बसून त्या काय कप्पाळ खरं बोलणार! भाषेचंही बघ, इंडोनेशियन येतं ते छान पण बांधावर सगळं जावानीज चालतं, निदान नमस्कार-चमत्कार आणि वयाचा मान ठेवून बोलायचं तेवढं तरी शीक. बाजार सात दिवसांनी भरेल असं धरू नकोस, लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन असं पाच दिवसांचं चक्र असतं, तुझ्या गावचा वार कुठला ते विचारून घे.

तिकीट जूनचं काढतेयस असं म्हणालीस, ते बदल. पावसाळी पिकाची मोठी कापणी मार्च-एप्रिलमध्ये असते आणि हल्ली ईदही मार्चमध्येच येतेय, म्हणजे शहरातली पोरं पैसे घेऊन घरी आलेली असतात आणि त्याच वेळी शेतात भात निघत असतं. फेब्रुवारीच्या शेवटाला पोहोचलीस तर लोकांशी ओळख व्हायलाही वेळ मिळेल. विद्यापीठाने तारखेवरून कटकट केली तर मला सांग, मी मेल टाकते.

— ताई