मित्राच्या तीन एअर रायफली: भाव काय धरावा?

प्रश्न: दिवंगत मित्राच्या पत्नीने त्याच्या तीन एअर रायफली माझ्याकडे दिल्यात. एक देशी, नळी बिजागरीवर मोडून छर्रा भरायची, दुसरी तशीच पण ०.२२ ची, तिसरी हवेच्या सिलिंडरवर चालणारी जर्मन मॅच रायफल, म्हणजे स्पर्धेची. विकून पैसे वहिनींना द्यायचे आहेत. किंमत कशी ठरवू?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर: ०.२२ ला आधी हात लावू नका. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मि.मी.पेक्षा मोठ्या नळीच्या किंवा २० जूलपेक्षा जास्त जोराच्या एअरगनला परवाना लागतो, आणि ०.२२ म्हणजे ५.५ मि.मी. मित्राचा परवाना घरात आहे का ते वहिनींना विचारा. पण कागद सापडला तरी रायफल गाडीला लावून गिऱ्हाईक शोधत फिरायचं नाही. पोलिस ठाण्यात आधी कळवा. तिथे किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती जमा करता येते.

देशी रायफलीचा भाव स्प्रिंग आणि पिस्टनच्या वॉशरवर ठरतो. छर्रा न घालता उडवून दाखवू नका, पिस्टन पुढे आदळून दोन्ही खराब होतात. नळी उघडी असताना ट्रिगर दाबला तर ती झटक्यात मिटते, वाकते, बोटंही सापडतात. बार उडवल्यावर धूर निघाला, तर आत तेल गेलंय आणि ते जळतंय असं समजा. वेग मोजायचं यंत्र मिळालं तर दहा छर्रे मोजा. आकडे खूप वरखाली होत असतील तर वॉशर-स्प्रिंग आणि मजुरी किमतीतून वजा करा.

खरा पैसा जर्मन रायफलीत आहे. दस्ता चकचकीत आहे का हे नंतर बघा, आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. उत्पादनापासून १० वर्षं उलटली की तो सिलिंडर स्पर्धेच्या तपासणीत चालत नाही, म्हणजे नव्या सिलिंडरचा पूर्ण खर्च तुमच्या किमतीतून गेला. तारीख शिल्लक असेल तर लिहिलेल्या दाबापर्यंत, बहुधा २०० बार, कोरडी हवा भरा, काट्याचा फोटो काढा आणि २४ तास त्याच खोलीत ठेवा. काटा उतरला तर हवा अडवणारी रबरी ओ-रिंग गेलीय. ऑक्सिजन भरून काम भागवायचा विचारही नको, तेला-ग्रीसशी गाठ पडली की स्फोट होतो.

मागची डायऑप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची), पुढच्या साइटच्या रिंगा, हवा भरायचा अडॅप्टर, ॲलन की, पेटी यांची यादी करा. एकटा अडॅप्टर नसला तरी घेणारा हात आखडतो. आयातीचे कागदही तपासा: नेमबाजाच्या शुल्कसवलतीत आलेल्या मालाच्या विक्रीवर अटी असतात.

जोर स्वतः काढून कागदावर द्या: ०.५ × छर्र्याचं वजन किलोत × वेग × वेग. ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १७० मीटर गेला, तर ०.५ × ०.०००५३ × १७० × १७० = साधारण ७.७ जूल. गिऱ्हाईक लांब शोधायला नको. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसळे यांच्या जिल्ह्यात नव्याने नेमबाजी शिकणाऱ्या पोरांचे पालक जुनी मॅच रायफल शोधतच असतात. विकताना रायफलीचा नंबर, दोघांची ओळखपत्रं आणि वहिनींचं संमतिपत्र जोडून पावती करा.

प्रश्न: विकण्याआधी पॉलिश आणि नळीची सफाई करून घेऊ का?

उत्तर: पॉलिश नको, जाणता माणूस त्याखाली काय झाकलंय तेच शोधतो. नळीत लोखंडी गज घालू नका. नळीत बसणाऱ्या फेल्टच्या गोळ्या छर्रा भरतो त्या बाजूने ढकला, पांढरी बाहेर येईपर्यंत.