सौर वादळ, भूचुंबकीय वादळ, आयनांबरातील वादळ: तिन्ही एकच का?

प्रश्न असा आहे: बातम्यांत हे तीन शब्द आलटून पालटून येतात, त्यांत फरक आहे का? आणि आयनांबराइतक्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराइतक्या, उंचीवर हवाच नसेल, तर 'वादळ' कसले?

तिन्ही एकच नव्हेत. सूर्यावर ज्वाला उसळते, कधी चुंबकित प्लाझ्माचा (विद्युतभारित वायूचा) प्रचंड लोट बाहेर फेकला जातो. 'सौर वादळ' खरे तर इथवरच. ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोचतात, लोटाला साधारण एक ते तीन दिवस लागतात. त्यातले चुंबकीय क्षेत्र दक्षिणाभिमुख असेल, तर पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र ढवळून निघते. ते भूचुंबकीय वादळ. क्षेत्र उत्तराभिमुख असले, तर मोठा लोटही फारसा परिणाम न करता निघून जातो. म्हणून 'सौर वादळ मोठे, भूचुंबकीय वादळ किरकोळ' हे विधान बरोबर असू शकते. दोन्हींना एकच शब्द वापरला, तर ते मांडताच येणार नाही.

'चुंबकीय वादळ' हा शब्द जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांचा. होकायंत्राच्या सुईची अस्वस्थ हालचाल पाहून त्यांनी तो योजला. वाऱ्याशी त्याचा संबंध नव्हता. सप्टेंबर १८५९च्या विख्यात वादळात कुलाबा वेधशाळेत चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी (हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) घसरल्याची नोंद आहे. वादळ मोजले जाते ते असे.

वातावरणाच्या वरच्या थरांत मात्र 'वादळ' शब्दशः लागू पडतो, आणि मला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो. तिथे हवा आहे, फक्त अतिशय विरळ. भूचुंबकीय वादळाची ऊर्जा ध्रुवांकडच्या भागात उतरली की तिथली हवा तापते, फुगते, आणि सेकंदाला शेकडो मीटर वेगाने वारे वाहू लागतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक याच फुगलेल्या हवेच्या अडथळ्यामुळे गमावले गेले. भूचुंबकीय वादळ तर किरकोळच होते! त्याच उंचीवर इलेक्ट्रॉनांची घनता कुठे वाढते, कुठे घटते. त्या उलथापालथीला आयनांबरातील वादळ म्हणतात.

मथळ्यात 'सौर वादळ' चालेल. पण १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेकचे वीजजाळे कोसळले ते भूचुंबकीय वादळामुळे, असेच लिहावे. आणि जीपीएसने जागा चुकीची दाखवली किंवा दूरचा रेडिओ संपर्क अडखळला, तर 'आयनांबरातील वादळ' लिहावे.