रंकाळ्यावर अठरा माणसं

प्रिय दोस्ता,

पाठवलेले फोटो बघितले. उजेड ठीक, फोकस जागेवर, पण माणसं रेशनच्या रांगेत उभी केल्यासारखी दिसतात. येत्या रविवारी कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावर आजींच्या पंच्याहत्तरीला अठरा जण येणार म्हणून तू पोझची यादी मागितलीस. यादी देत नाही. माणसं कॅमेऱ्याला फारशी घाबरत नाहीत, ताटकळून आखडतात. तू सेटिंग बदलत बसतोस, स्क्रीनकडं बघून आठ्या घालतोस आणि तेवढ्यात प्रत्येकाला वाटायला लागतं की आपलंच काहीतरी चुकतंय. ती येऊन उभी राहिली की तुझ्या हाताला काम कमीत कमी उरलं पाहिजे.

आधी जागा. शालिनी पॅलेस तळ्याच्या पश्चिम काठावर आहे. तो पाठीमागं घेऊन चौपाटीवर ग्रुप उभा केलास, तर सकाळचं ऊन सगळ्यांच्या डोळ्यांत जातं. डोळे बारीक झाले की खांदे वर चढतात, जबडा आवळला जातो, आणि मग कितीही विनोद सांगितलेस तरी काही सुटत नाही. संध्याकाळी तोच सूर्य त्यांच्या पाठीशी येतो. चेहरे सावलीत राहतात, डोळे आरामात उघडे राहतात. आकाश जरा पांढरं उडालं तर उडू दे, एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) चेहऱ्यावर लाव. लेन्सला ऊन अडवणारा हूड हवाच. उजेड परतवणारा रिफ्लेक्टर नको. अठरा जणांना तो पुरत नाही, आणि ज्यांच्यावर चमकतो तेवढेच डोळे मिचकावतात. आपल्याकडं डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, मे महिन्यात सातच्या आसपास. त्याआधीचा पाऊण तास तुझा.

रविवार मात्र मला पसंत नाही. चौपाटीवर फिरायला आलेली माणसं तुझ्या पाठीमागं थांबून बघत राहतात, आणि काकू-आत्यांना लाज वाटते ती त्या बघ्यांची. मधला वार मिळत असेल तर घे. नाहीच मिळाला, तर मोठा ग्रुप लवकर उरकून टाक आणि छोटे फोटो गर्दीत घे. दोघा-तिघांना बघ्यांचं तेवढं वाटत नाही. कुणी पन्हाळा सुचवला तर दोन गोष्टी लक्षात ठेव. वर वारा असतो, पदर आणि केस सावरण्यातच निम्मा वेळ जातो. शिवाय पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा, तर परवानगीचं आधी विचारून घे. पाहुण्यांसमोर रखवालदारानं हटकलं की गेलेला मूड परत येत नाही.

घरातली एक कर्ती बाई गाठ, बहुतेक आत्या असते. कोण कुणाच्या शेजारी नको, कुणाचा गुडघा दुखतो, लहान पोर किती वाजता पेंगतं, हे तिला ठाऊक असतं. उन्हात काळे होणारे चष्मे कुणाकुणाला आहेत तेही विचार. सावलीत आणल्यावर ती काच निवळायला काही मिनिटं लागतात, म्हणून असे चष्मे तुझी खूण होईपर्यंत खिशातच असू देत. खिशातले मोबाइल आणि किल्ल्या एका पिशवीत गोळा करायचं काम तिच्याकडंच दे.

तू अर्धा तास आधी पोच. असिस्टंटला पांढरा शर्ट घालून जागेवर उभा कर आणि एक्स्पोजर मॅन्युअलवर पक्कं कर, कारण घरात एखादी पांढरी टोपी किंवा फेटा असतोच आणि फोटोत तो आधी पांढराफटक होतो. तीन रांगांना ५० एमएमच्या लेन्सवर सहा मीटर अंतर, अ‍ॅपर्चर ८ (लेन्सचं छिद्र लहान), शटर १/२५० सेकंद, आयएसओ (कॅमेऱ्याला उजेड किती जाणवतो तो आकडा) ४०० ते ८००. सूर्य खाली गेल्यावर आयएसओ १६०० च्या वर गेला तरी बिघडत नाही. मोठा ग्रुप उघड्या अ‍ॅपर्चरवर काढायची हौस सोड, मागची रांग धूसर पडते.

आता उभं करणं. खुर्ची आधी मांड, आजी मात्र सगळ्यात शेवटी बसतील. तोवर त्या सावलीत, पाण्याची बाटली हाताशी. खुर्ची गवतावर ठेवायची तर पायांखाली फळी घाल, नाहीतर एक पाय रुततो आणि म्हातारं माणूस फोटोभर तोल सांभाळत बसतं. त्या खुर्चीभोवती एकेक कुटुंब बोलव. नवरा-बायको-पोरं एकत्र आली की आपोआप एकमेकांना टेकतात, तेच उंचीप्रमाणं वेगळी केलीस तर परकी दिसतात. नाव माहीत नसेल तर "ओ निळी साडी" म्हणून हाक मारू नकोस. काकू, आक्का, अण्णा, दादा, यातलं काहीतरी बसतंच. कुणाच्या जाडीवर, टकलावर, रंगावर विनोद करायचा नाही. बाकीचे हसतात, आणि ज्याच्यावर हसतात तो पुढचा तासभर मिटून जातो.

"सैल व्हा" म्हटल्यानं कुणी सैल होत नाही. शरीराला करता येईल असं काहीतरी सांग. आपल्याकडचे पुरुष कॅमेरा दिसला की तालमीतल्या फोटोसारखी छाती काढतात आणि मुठी आवळतात. त्यांना म्हण, "डाव्या पायावर भार टाका, उजवा गुडघा जरा ढिला." भार एका बाजूला गेला की कंबर आणि खांदे आपोआप उतरतात. सगळ्यांचं अंग थोडं आजींकडं वळलेलं, चेहरे तुझ्याकडं. हात मोकळे लोंबकळू देऊ नकोस. एक हात खुर्चीच्या पाठीवर, एक पोराच्या खांद्यावर, एकीच्या हातात पदराचं टोक, खिशात घालायचाच तर अंगठा बाहेर. मग सगळ्यांना एकदम श्वास सोडायला सांग. क्लिक श्वास सोडल्यावर, घेताना नाही.

"हसा" हा शब्द त्या दिवसापुरता विसर. सांगून आणलेलं हसू ओठांपर्यंतच राहतं, आणि दोन सेकंदांत तेही ताठ होतं. त्यापेक्षा विचार, "रस्सा तांबडा की पांढरा?" निम्मे एक ओरडतील, निम्मे दुसरं, कुणीतरी शेजाऱ्याला कोपर मारेल. ओरडताना फोटो घेऊ नकोस, तोंडं उघडी असतात. ओरडून झाल्यावर सगळे एकमेकांकडं बघतात आणि मग परत तुझ्याकडं. ते परत वळणं पकड. एक प्रश्न एकदाच चालतो, म्हणून चार-पाच तयार ठेव, आणि ते त्या घरातले असू देत. आत्या पुरवील.

किती फ्रेम घ्यायच्या याचं एक गणित आहे. ऑस्ट्रेलियातल्या निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स यांना त्याबद्दल २००६ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. वीसपेक्षा कमी माणसं असतील तर चांगल्या उजेडात आकड्याला तीननं भाग, कमी उजेडात दोननं. तेवढ्या फ्रेममध्ये सगळ्यांचे डोळे उघडे असलेली एक तरी बहुतेक सापडते. तुझ्या अठराला सहा, सूर्य बुडाल्यावर नऊ. सलग बर्स्ट नको, एकाच पापणीत चार फ्रेम वाया जातात. सेकंदा-दीड सेकंदाचं अंतर ठेव. सारखे डोळे मिटणारा कुणी असेल तर सगळ्यांनाच डोळे मिटायला लाव आणि "तीन" म्हटल्यावर उघडायला सांग. एकट्याला सांगितलंस तर तो आणखी मिचकावतो.

पोरांचा घोळ वेगळाच. एक पोर इकडंतिकडं बघायला लागलं की आई, आजी, मामा सगळे एकदम "इकडं बघ, बाळा" सुरू करतात. पोर गोंधळतं, आणि फोटोत सहा मोठी माणसं तोंड उघडून पोराकडं वळलेली. सुरुवातीलाच बजाव: पोर रडो, पळो, काहीही करो, मोठ्यांनी लेन्सकडंच बघायचं. पोराला हाक मारायला एकच माणूस, आणि तो बरोबर तुझ्या डोक्यामागं उभा. पोरांचा उत्साह दहा मिनिटांत संपतो, म्हणून पूर्ण ग्रुप सगळ्यात आधी.

मध्ये एकदा स्क्रीन दाखवायची असेल तर आधी चांगली फ्रेम शोध आणि आजींना दाखव. त्या खूश झाल्या की घर खूश. प्रत्येक क्लिकनंतर स्वतः बघत बसू नकोस. हिस्टोग्राम (स्क्रीनवरचा उजेडाचा आलेख) आधीच तपासलेला आहे ना? पूर्ण ग्रुपला वीस मिनिटं पुरे. मग "झालं, बसा सगळे" म्हण, पण कॅमेरा खाली घेऊ नकोस. माणसं उठतात, पदर झटकतात, आजींना हात देऊन उठवतात, त्यात दोन-तीन फोटो हमखास असतात.

आदल्या दिवशी त्याच वेळेला एकदा चौपाटीवर जाऊन ये. सूर्य पॅलेसच्या कुठल्या बाजूला उतरतो ते बघून खुर्चीची जागा ठरव, आणि तिथून गाडी लावायची जागा किती लांब आहे तेही बघ. आजींना तेवढं चालावं लागणार आहे.

कळावे.