संशोधनाचा गैरवापर झाला तर जबाबदारी संशोधकाची का?

हो, जेवढा गैरवापर आधी ओळखता आला असता, तेवढ्यापुरती तुमचीही. बेळगावात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. करताय आणि "आम्ही फक्त प्रयोग करतो, पुढचं सरकार बघेल" असं गाइड म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. सरकार बघतंच: भारत 1972 च्या जैविक शस्त्रबंदी करारात आहे, शिवाय 2005 चा सामूहिक संहारक शस्त्रांचा कायदा आहे. पण फ्रीजर उघडणारा हात सरकारचा नसतो. मी इथल्याच एका कॉलेजच्या जैवसुरक्षा समितीवर आहे, तिथे बघतो ते एवढंच:

- जनुकबदलाचं काम असेल तर समितीची मंजुरी आधी, प्रयोग नंतर.
- प्रत्येक व्हायल (नमुन्याची छोटी कुपी) रजिस्टरात. कोल्हापूरच्या मैत्रिणीने मागितली म्हणून कल्चर (प्रयोगशाळेत वाढवलेले जंतू) डब्यात घालून एस्टीने पाठवायचं नाही. (हसू नका, असं विचारणारे भेटतात.)
- निकाल धोकादायक वाटला तर पेपर किंवा पोस्टर पाठवण्याआधी समितीला दाखवायचा.

मात्र सगळंच आधी दिसत नाही. ऑस्ट्रेलियात उंदरांची पैदास रोखायला निघालेल्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या देवीच्या विषाणूत एक जनुक घातलं, तर लस दिलेले उंदीरही मेले. 2001 मध्ये ते छापून आलं आणि जगभर वाद झाला. अशा वेळी दोष त्या निकालाचा नाही. तो हाती आल्यावर तुम्ही कोणाला सांगता, हे मात्र विचारलं जाणार, आणि विद्यार्थ्याच्या आधी गाइडला.