गजर ‘वेंट ऑफ’ झाला म्हणजे वाजला की थांबला?

इंग्रजी कथा वाचू लागलेल्या एका वाचकाने विचारले आहे की ‘द अलार्म वेंट ऑफ’ आणि ‘द लाइट्स वेंट ऑफ’ ही दोन वाक्ये एकाच पानावर आली, तेव्हा दिवे गेले हे कळले, पण गजरही बंद झाला असे समजल्यामुळे पुढचा सगळा प्रसंग उलटा लागला. तर अशा क्रियापदांच्या याद्या पाठ कराव्यात की ती वाचनातूनच येतात, आणि त्यांना मराठीत काय म्हणावे?

गजर वाजला, दिवे गेले. दोन्हीकडे क्रियापद तेच असूनही अर्थ जवळजवळ विरुद्ध आहेत, आणि याचे कारण ‘ऑफ’ या शब्दातच आहे. त्याचा मूळ अर्थ ‘बंद’ नसून ‘दूर’, ‘सुटून’ असा आहे; विजेच्या बटणावर तो रोज दिसत असल्यामुळे ‘बंद’ हाच अर्थ आपल्या मनात पहिला येतो आणि घोटाळा तिथेच होतो. दिव्याचा प्रवाहाशी असलेला संबंध सुटला म्हणून दिवा गेला. गजरात मात्र दबून राहिलेले काहीतरी एकदम सुटते, जशी बंदुकीची गोळी सुटते किंवा बॉम्ब फुटतो, आणि इंग्रजीत या दोघांसाठीही ‘गो ऑफ’ हेच म्हणतात. दूध ‘गो ऑफ’ होते तेव्हा ते नासते, म्हणजे चांगल्या स्थितीपासून दूर जाते. माणूस ‘गो ऑफ’ होतो तेव्हा तो निघून जातो. आणि ‘आय हॅव गॉन ऑफ कॉफी’ असे कोणी म्हटले तर त्याचे कॉफीवरून मन उडाले आहे. हे पाच अर्थ यादीत एकाखाली एक लिहिले तर त्यांतला कोणता केव्हा घ्यायचा हे यादी सांगू शकत नाही. ते कर्ता सांगतो, किंवा पुढे आलेले कर्म सांगते, आणि कर्ता व कर्म वाक्यातच भेटतात. म्हणून वाचनातून शिकावे, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

मराठी माणसाला हे परके वाटण्याचे खरे तर कारण नाही. ‘लाडू खाऊन टाक’ या वाक्यात काहीही टाकायचे नसते आणि ‘तो भलतेच बोलून बसला’ या वाक्यात बसलेले कोणीही नसते. ‘टाकणे’ येथे क्रिया संपवून मोकळे होणे दाखवते, तर ‘बसणे’ जे व्हायला नको होते ते होऊन गेल्याची रुखरुख दाखवते, आणि हे आपल्याला कोणी कोष्टक करून शिकवलेले नाही. इंग्रजीत ‘ईट अप’, ‘यूज अप’ यांतला ‘अप’ आपल्या ‘टाकणे’च्या अगदी शेजारी उभा राहतो: सगळे खाऊन टाकणे, वापरून संपवणे. तिथे ‘वर’ हा अर्थ शोधत बसणे म्हणजे ‘खाऊन टाक’मध्ये फेकण्याची क्रिया शोधण्यासारखे आहे.

संस्कृतशी परिचय असणाऱ्यांना आणखी जवळचे साम्य दिसेल. ‘हृ’ या एकाच धातूपासून उपसर्ग बदलून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार हे शब्द होतात, आणि उपसर्ग धातूचा अर्थ बळेच दुसरीकडे नेतो असे सांगणारा जुना श्लोक याच शब्दांचे उदाहरण देतो. उपसर्ग धातूच्या आधी येतात असे सांगून पाणिनी लगेच पुढे ‘छन्दसि परेऽपि’ आणि ‘व्यवहिताश्च’ अशी दोन सूत्रे देतो; म्हणजे वेदात ते धातूच्या नंतरही येतात आणि मध्ये इतर शब्दही येऊ शकतात. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात ‘उप त्वाग्ने दिवेदिवे’ या ऋचेत ‘उप’ आरंभी आहे आणि त्याचे क्रियापद ‘एमसि’ अगदी शेवटी. ‘पुट इट ऑफ’ (ते पुढे ढकल) मध्ये दुभंगलेले क्रियापद पाहून गोंधळणाऱ्याने ही ऋचा एकदा अवश्य पाहावी.

इंग्रजी शिकणाऱ्या परकीयांना ‘गो ऑफ’सारखी ही क्रियापदे सर्वांत अवघड जातात, हे सॅम्युएल जॉन्सन यांनी 1755 च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. त्यांच्यासाठी इंग्रजीत वापरली जाणारी ‘फ्रेझल व्हर्ब’ ही संज्ञा मात्र पुष्कळ नंतरची आहे. लेखक लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ती 1925 मध्ये वापरली आणि तिचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. मराठीत ‘संयुक्त क्रियापद’ हे नाव ‘खाऊन टाकणे’सारख्या रूपांसाठी आधीच रूढ असल्यामुळे ते येथे वापरू नये, मला ‘जोडक्रियापद’ हा शब्द बरा वाटतो.

वाचन कशाचे करावे, हेही महत्त्वाचे आहे. पाठ्यपुस्तकांतून इंग्रजी शिकलेल्याला ‘पोस्टपोन’ आणि ‘टॉलरेट’ माहीत असतात, पण ‘पुट ऑफ’ आणि ‘पुट अप विथ’ अडतात, कारण पहिली जोडी लॅटिनमधून आलेली, औपचारिक लेखनातली आहे आणि दुसरी घरगुती बोलण्यातली. आपल्याकडे ‘सहन करणे’ आणि ‘खपवून घेणे’ यांत असाच फरक आहे. तेव्हा ज्यांत माणसे एकमेकांशी बोलतात अशा कथा, नाटके आणि पत्रे वाचावीत. नुसते अहवाल आणि निबंध वाचून ही क्रियापदे पुरेशी भेटणार नाहीत.

वाचताना अडलेला शब्द सुटा लिहून न घेता पूर्ण वाक्य लिहून घ्यावे, आणि कोश उघडण्याआधी कर्ता व कर्म पाहून अर्थाचा अंदाज स्वतः करावा. शक्य तर सर्वनाम असलेले वाक्य निवडावे, कारण ‘पुट इट ऑफ’ चालते, ‘पुट ऑफ इट’ चालत नाही, आणि उलट ‘लुक आफ्टर हर’ चालते, ‘लुक हर आफ्टर’ चालत नाही. कोणते जोडक्रियापद मधोमध दुभंगते आणि कोणते दुभंगत नाही हे नियमापेक्षा अशा एका वाक्याने अधिक पक्के लक्षात राहते.