आधी त्याचं 'टारगटपण' मोजून बघ

प्रश्न : मी सेलूला (जि. परभणी) बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय मानसशास्त्र. संध्याकाळी घरी लहान मुलांच्या शिकवण्या घेते. मला माणसं पटकन ओळखता येतात, असं सगळे म्हणतात. म्हणून वर्तन विश्लेषणात (एबीए, म्हणजे वागणं मोजून, त्यामागची कारणं शोधून ते बदलायचं शास्त्र; ऑटिझम असलेल्या मुलांबरोबर ते बरंच वापरतात) करिअर करावंसं वाटतंय. महिनाभराचा एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स सापडलाय. वडील म्हणतात, बी.एड. कर आणि मोकळी हो. शिकवणीत दुसरीतला एक मुलगा फार टारगट आहे. त्याच्यावर काही प्रयोग करून बघू का?

उत्तर : माणसं पटकन ओळखता येणं ही या क्षेत्रात अडचणच होऊन बसते. 'टारगट' हा तू त्या पोराबद्दल देऊन टाकलेला निकाल आहे. तो नेमकं करतो काय, हे मला पत्र दोनदा वाचूनही कळलं नाही. मारतो? ओरडतो? उठून पळतो? वर्तन विश्लेषणाचं काम या प्रश्नापासून सुरू होतं.

समज, तो सारखा उठतो. मग आधी व्याख्या लिही. दोन्ही पाय सतरंजीच्या बाहेर गेले आणि तू उठायला सांगितलेलं नव्हतं, तर एक नोंद. परत बसून पुन्हा उठला, तर दुसरी. विचारून पाणी प्यायला गेला, तर नोंद नाही. एक पाय सतरंजीवर आणि एक फरशीवर असेल तर? हेही आधीच ठरव, नाहीतर चिडलेल्या दिवशी तू मोजशील आणि बऱ्या दिवशी सोडून देशील.

आता घरातल्या कुणाला तरी, बहीण असेल तर तिला, तीच व्याख्या देऊन कोपऱ्यात बसव. दोघींनी एकमेकींच्या वहीत न बघता मोजायचं. तुझे 9 आले आणि तिचे 12, तर लहान आकड्याला मोठ्याने भागून शंभरने गुण : 75 टक्के. जुळणी 80 टक्क्यांच्या खाली गेली की संशोधक सहसा नोंदी कच्च्या धरतात. अशा वेळी बहिणीशी वाद घालू नकोस, व्याख्या दुरुस्त कर. आणि दोघींचे 10-10 आले म्हणून लगेच खूशही होऊ नकोस. तू सुरुवातीचे धरले असशील, तिने शेवटचे. म्हणून पाच-पाच मिनिटांचे रकाने आखून घ्यायचे. कंटाळवाणं वाटलं ना? या कामाचा मोठा भाग असाच असतो.

आठवडाभर नुसतं मोज. बसायची जागा, शिकवायची पद्धत, काही बदलू नकोस. ही पायाभूत नोंद हातात नसेल तर पुढे पडलेला फरक कशाने पडला, ते सांगता येत नाही. शेजारी आणखी दोन रकाने ठेव : उठण्याआधी काय चाललं होतं आणि उठल्यावर लगेच काय झालं. पाढे निघाले की उठतो आणि पाढ्यांतून सुटतो, असं दिसेल. किंवा उठला की तू नाव घेऊन ओरडतेस आणि बाकीची पोरं हसतात, असं दिसेल. उठणं तेच, पण उपाय वेगळे. ब्रायन इवाटा हे अमेरिकी वर्तन विश्लेषक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1982 साली, स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांबाबत, परिस्थिती मुद्दाम बदलून हीच कारणं वेगळी करून दाखवली. ते काम प्रशिक्षित देखरेखीखालचं. तू फक्त नोंदी घे, प्रयोग नको.

ऑग्डेन लिंडस्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाची एक कसोटीही लक्षात ठेव : मेलेल्या माणसाला जे जमतं, ते वर्तन नव्हे. 'गडबड न करणं' हे ध्येय या कसोटीवर नापास होतं. 'शब्द मोठ्याने वाचणं' पास होतं. बेअर, वुल्फ आणि रिस्ली या तीन अमेरिकी संशोधकांनी 1968 मध्ये उपयोजित वर्तन विश्लेषणाचे, म्हणजे एबीएचे, निकष मांडले. वर्तन त्या माणसाच्या, समाजाच्या दृष्टीने महत्त्वाचं असावं, हा त्यातलाच एक. तासभर सतरंजीला चिकटून बसणं त्या पोराच्या कामाचं आहे की तुझ्या सोयीचं? ऑटिझम असलेले अनेक प्रौढ आज एबीएवर हाच आक्षेप घेतात. मला तो रास्त वाटतो, आणि या क्षेत्रात जायचं तर तो ऐकून घ्यायची तयारी हवी.

आता वाटेचं. महिनाभराचा कोर्स करू नकोस. त्यावर कुणाच्या मुलाची जबाबदारी घेता येत नाही. बीसीबीए या अमेरिकी प्रमाणपत्राची जाहिरात दिसेल, पण 2023 पासून ते देणारी संस्था भारतातून नवे अर्ज घेत नाही, हे जाहिरातवाले सांगत नाहीत. आपल्याकडे 1992 च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषद आहे आणि दिव्यांग मुलांबरोबर व्यावसायिक म्हणून काम करायला तिची नोंदणी लागते. म्हणून वडिलांचं म्हणणं मी अर्धं मान्य करतो : बी.एड. कर, पण विशेष शिक्षणातलं, आणि प्रवेशाआधी कॉलेज परिषदेच्या यादीत आहे का ते स्वतः तपास. सिकंदराबादला बौद्धिक दिव्यांगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, परभणीहून थेट रेल्वे आहे. एकदा वडिलांना घेऊन बघून ये. संशोधनाची ओढ वाटली तर एम.ए. मानसशास्त्र संभाजीनगरच्या विद्यापीठातूनही होतं. मात्र एबीएची कामं बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, घर सोडावं लागेल, हे घरी आत्ताच बोलून ठेव.

आणि वही उघडण्याआधी त्या मुलाच्या आईला विचार. काय मोजणार आणि कशासाठी, ते तिला नीट सांग. वहीत त्याचं नाव लिहू नकोस, आणि ती नको म्हणाली तर विषय सोडून दे. मग स्वतःचंच काहीतरी मोज, अभ्यासाला बसल्यावर मोबाइल किती वेळा हातात घेतेस ते घे हवं तर. व्याख्या आणि आठवड्याचे आकडे पाठव, मी बघतो.