मार्शल आर्ट्सना ओहोटी लागली आहे का? आधी कोणत्या, ते सांगा

प्रश्न विचारणाऱ्या सदस्याचं म्हणणं थोडक्यात असं: त्यांच्या कराटे क्लासमध्ये आता मुलंच मुलं दिसतात, वयाने मोठे विद्यार्थी बोटांवर मोजण्याइतके उरलेत; दुसरीकडे एमएमएच्या (ठोसे, लाथा, पकडी सगळं चालणाऱ्या मिश्र मार्शल आर्ट्सच्या) लढती बघायला लोक रात्र रात्र जागतात. मग ही विद्या वाढते आहे की संपत चालली आहे?

मी तेराव्या वर्षी कराटेचा पांढरा बेल्ट बांधला, पुढे वीस वर्षं शिकवलं, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी जिउ-जित्सूच्या, म्हणजे जमिनीवरच्या पकडींच्या कलेच्या, मॅटवर पुन्हा पांढरा बेल्ट बांधून उभा राहिलो. पहिल्याच संध्याकाळी माझ्या निम्म्या वयाच्या मुलीने मला तीनदा टॅप करायला, म्हणजे हाताने थोपटून हार मानायला लावलं. त्यामुळे दोन्ही बाजू अंगावर घेऊन पाहिल्या आहेत. उत्तर लांबणार आहे, आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, बघणारे, नाव घालणारे आणि टिकणारे हे तीन वेगळे लोक आहेत. आपण तिघांना एकाच टोपलीत टाकतो आणि मग वाद घालत बसतो. संघटना कोट्यवधींचे आकडे सांगतात. आठव्या वर्षी चार महिने येऊन गेलेला पोरगा आणि चाळीस वर्षं काता (कराटेतल्या हालचालींचा ठरलेला क्रम) घासणारा म्हातारा यांना सारखंच मोजणाऱ्या आकड्यावरून मी काही ठरवत नाही.

दुसरी गोष्ट, आपली आठवण लाटेच्या माथ्यावरून मोजते. ब्रूस ली जुलै १९७३ मध्ये ३२ व्या वर्षी गेला आणि त्याच्या मृत्यूनंतर सगळं जग हातवारे करायला लागलं. पुढे ऐंशीच्या दशकात निंजांचं वेड आलं. तेव्हा क्लासमध्ये उभं राहायला जागा नसायची असं जुने लोक सांगतात, ते खरं आहे. पण ती गर्दी सिनेमाची होती. सहा महिन्यांत हवेत लाथ मारून वीट फुटत नाही हे कळलं की निम्मी ओसरायची. त्या गर्दीच्या मानाने आजचा क्लास रिकामा वाटणारच.

आता खरा बदल कुठे झाला, तर १२ नोव्हेंबर १९९३ ला, डेन्व्हरमध्ये. एमएमएच्या लढती भरवणाऱ्या यूएफसी या अमेरिकन कंपनीची पहिली स्पर्धा. वेगवेगळ्या शैलींचे आठ जण, वजनगट नाहीत. एक बॉक्सर तर एकाच हातात ग्लोव्ह घालून उतरला होता. तिथे रॉयस ग्रेसी नावाचा जेमतेम ८० किलोचा, साधा दिसणारा जिउ-जित्सूवाला एका रात्रीत तीन जणांना खाली घेऊन, गळा आवळून किंवा शरण यायला लावून जिंकला. लढत जमिनीवर गेली की उभ्याने मारण्याच्या निम्म्या विद्येचा उपयोग राहत नाही, हे जगाने त्या रात्री पाहिलं. कुस्तीगिरांना त्यात नवल वाटलं नसेल. आम्हा कराटेवाल्यांना मात्र चांगलंच लागलं. आमच्या क्लासमध्ये वर्षभर एकच युक्तिवाद चालू होता की 'आपला एक ठोसा बसला असता तर'. तो बसत का नव्हता, हे कुणी विचारत नव्हतं.

पुढचा हिशेब सगळ्यांना माहीत आहे. यूएफसी २००१ मध्ये २० लाख डॉलरला विकली गेली आणि २०१६ मध्ये सुमारे ४ अब्ज डॉलरला. बघणारे वाढले का, याचं उत्तर यातच आलं. आणि त्यांच्यातले काही उठून मॅटवर आले, जिउ-जित्सू, मुए थाय (थाई बॉक्सिंग), किकबॉक्सिंगकडे. तुमच्या क्लासमधली मोठी माणसं कुठे गेली असं विचारता, तर बरीचशी तिकडे आहेत. मीही त्यांतलाच.

यूट्यूबने उरलंसुरलं काम केलं. २०१७ मध्ये चीनमध्ये शू श्याओदोंग या एमएमए प्रशिक्षकाने वेई लेई या ताई चीच्या, म्हणजे संथ हालचालींच्या पारंपरिक चिनी कलेच्या, गुरूला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवलं, आणि ती चित्रफीत जगभर फिरली. आयकिदोसारख्या (जोडीदाराला फेकण्याच्या जपानी) कलांना याची झळ जास्त बसली, कारण त्यांच्या बहुतेक शाखांत स्पर्धाच नसते; जोडीदार साथ देतो म्हणून तो फेकला जातो. शंका आलेल्या तरुणाला दाखवायला त्यांच्याकडे काही उरत नाही.

यावरून 'पारंपरिक ते सगळं थोतांड' म्हणणाऱ्यांशी मात्र मी भांडतो. ल्योटो माचिदा शोतोकान शैलीचं कराटे घेऊन उतरला आणि २००९ मध्ये यूएफसीचा लाइट हेवीवेट विजेता झाला. यूएफसीचा दुसरा एक विजेता जॉर्जेस सेंट-पिएर, त्याची सुरुवात क्योकुशिन या कराटेच्याच शैलीत झाली. कराटे चालतं. विरोध न करणाऱ्या जोडीदारासमोर आयुष्यभर केलेलं कराटे चालत नाही. ओहोटी लागली आहे ती या दुसऱ्या प्रकाराला, आणि खरं सांगू, मला त्याचं फारसं दुःख नाही. आम्ही स्पॅरिंग (सरावातली खरी लढत) टाळायचो कारण पालकांना जखमा नको असत आणि आम्हाला पालक हवे असत. इतकं साधं कारण होतं. 'परंपरा' हा शब्द आम्ही नंतर चिकटवला.

परंपरेवरून आठवलं, ती रंगीत बेल्टची शिडी काही प्राचीन वगैरे नाही. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये एका देवळात १२ तातामी चटयांवर ज्युदो सुरू केला, तेव्हा तसलं काही नव्हतं. काळा बेल्ट चार वर्षांनी आला, आणि मधले रंग १९३० च्या दशकात पॅरिसमध्ये कावाइशी या ज्युदो शिक्षकामुळे रुजले. विद्यार्थी टिकवण्याची ती नामी युक्ती होती. आम्ही तिचं दुकान केलं.

ऑलिंपिकने कला वाचते असं अनेकांना वाटतं. कराटेचं काय झालं बघा. तोक्योत, म्हणजे ऑगस्ट २०२१ मध्ये, कराटेला पहिल्यांदा संधी मिळाली. पुरुषांच्या ७५ किलोवरील गटाच्या अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्यावर बसली, गंजजादे बेशुद्ध पडला. अनियंत्रित आघात म्हणून हामेदी बाद, आणि स्ट्रेचरवरून नेलेल्या माणसाला सुवर्ण. नियम पाळले गेले, निर्णय बरोबर होता. पण पहिल्यांदाच कराटे बघणाऱ्या माणसाला हे समजावणार कसं? २०२४ च्या पॅरिसमध्ये कराटे नव्हतं. त्याचं कारण ही लढत नव्हे, तो निर्णय खूप आधीच झाला होता. तरी कराटेचा पेच त्या एका क्षणात दिसतो: मारायचं आहे, पण लागू द्यायचं नाही. कुस्तीसारख्या जुन्या खेळालाही फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिकमधून काढण्याची शिफारस झाली होती. सप्टेंबरमध्ये ती परत आली. तेव्हा ऑलिंपिकच्या छत्रीवर किती भिस्त ठेवायची ते ठरवा.

ऑलिंपिकचा फायदा दिसतो तो वेगळ्याच ठिकाणी. अफगाणिस्तानचं पहिलं ऑलिंपिक पदक २००८ मध्ये रोहुल्लाह निकपाई याने तायक्वांदोत मिळवलं. जॉर्डनचं पहिलं पदक २०१६ मध्ये, तेही तायक्वांदोत आणि थेट सुवर्ण. कोसोवोचं पहिलं, त्याच वर्षी, ज्युदोत मायलिंदा केल्मेंदीचं. तरणतलाव नको, घोडे नकोत. एक मॅट, एक शिक्षक आणि हट्टी पोरं पुरतात. अशा देशांत या कलांना ओहोटी लागली म्हणालात तर लोक हसतील.

उलट कलेच्या जन्मभूमीत, म्हणजे ज्युदोसाठी जपानमध्ये, गोष्ट निराळी असू शकते. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये नेदरलँड्सच्या अँटोन गेसिंकने खुल्या गटात जपानच्या कामिनागाला ज्युदोत हरवलं, तेव्हा अख्खं सभागृह सुन्न झालं; पण त्याच पराभवाने ज्युदो खऱ्या अर्थाने जगाचा झाला. आज फ्रान्समध्ये ज्युदोचे नोंदणीकृत सदस्य जपानपेक्षा कितीतरी जास्त आहेत. जपानमध्ये एक तर मुलंच कमी जन्मताहेत, त्यात शाळांमधल्या दुखापतींनी पालक धास्तावले. २०२२ मध्ये तिथल्या ज्युदो महासंघाने प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली, कारण जिंकण्याच्या हव्यासापायी प्रशिक्षक आणि पालक लहान मुलांवर नको तितका दबाव आणत होते. घटती संख्या समोर दिसत असताना स्पर्धा बंद करायला धाडस लागतं.

मुली आणि स्त्रिया यांच्याबद्दल थोडक्यात: इथे वाढच वाढ आहे. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा ज्युदो १९९२ मध्ये, कुस्ती २००४ मध्ये आणि बॉक्सिंग २०१२ मध्ये आलं. मी शिकायला लागलो तेव्हा आमच्या बॅचमध्ये एकच मुलगी होती आणि तिला नेहमी कोपऱ्यात काता करायला लावायचे. मला टॅप करायला लावणारी ती पहिल्या दिवशीची मुलगी आठवा.

राहिले टिकणारे. माझ्या स्वतःच्या क्लासचं सांगतो. दर तीन महिन्यांनी ग्रेडिंग, दर ग्रेडिंगला नवा रंग, फी वेगळी. मुलं भराभर चढायची आणि काळा बेल्ट मिळाला की पुढच्या आठवड्यापासून यायची बंद. आम्हीच त्यांना शिकवलं होतं की तो शेवट आहे. जिउ-जित्सूत काळ्या बेल्टला साधारण दहा वर्षं लागतात, म्हणून तिथे लोक टिकतात असं मला आधी वाटायचं. तसंही नाही, तिथे ते निळ्या, म्हणजे पांढऱ्यानंतरच्या, बेल्टला गळतात. फक्त जागा बदलते.

आता तुमच्या क्लासबद्दल. कराटे मरतंय की नाही ते बाजूला ठेवा आणि सोडून गेलेल्या मोठ्या विद्यार्थ्यांना फोन करा. मी बारा जणांना केला होता, छातीत धडधड घेऊन, कारण 'तुमचं कराटे रस्त्यावर चालत नाही' हेच ऐकावं लागणार अशी माझी खात्री होती. एकानेही तसं म्हटलं नाही. गुडघा, नोकरीची वेळ, घरी लहान बाळ. दोघं म्हणाले की मुलांच्या बॅचमध्ये दहा वर्षांच्या पोरांबरोबर रांगेत उभं राहायची लाज वाटायची. एकाने विचारलं, सकाळी साडेसहाला फक्त मोठ्यांसाठी काही सुरू कराल का. केलं. पहिल्या महिन्यात चार जण होते, त्यातला एक तर ब्लॅक बेल्ट मिळाल्यावर अकरा वर्षांपूर्वी गायब झालेला.